वेर्णा, सांतियागो आणि आजोबांच्या नावचं वीजबिल

गोवा सरकारने 2017 साली स्टार्टअप धोरण जाहीर केलं तेव्हा त्यात एक उद्दिष्ट ठळकपणे मांडलं होतं: 2025 पर्यंत आशियातल्या पहिल्या पंचवीस स्टार्टअप केंद्रांत गोव्याचं नाव असेल. 2011 च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाख वस्तीचं राज्य, एका अंगाला पुणं, दुसऱ्या अंगाला बंगळुरू, आणि स्पर्धेला सिंगापूर, शेन्झेन, जकार्ता. मुदत उलटली, यादीचा विषयही मागे पडला. यात गोव्यालाच हसण्याचं कारण नाही. नैरोबी, किगाली, ट्युनिस, लागोस, सांतियागो, कुठेही जा, सरकारी कागदाची भाषा हीच. अमुक वर्षापर्यंत आम्ही या खंडातलं तंत्रज्ञानाचं केंद्र होणार.

उद्दिष्टं सारखी आणि पाककृतीही सारखीच. झटपट नोंदणी, काही वर्षांची करमाफी, थोडं बीजभांडवल, को-वर्किंगची, म्हणजे भाड्याच्या सामायिक कार्यालयातली, टेबलं, परदेशी संस्थापकांना व्हिसा आणि वर्षाला एक परिषद. असं का, तर एका अर्थसंकल्पात बसेल आणि एका कारकिर्दीत फीत कापता येईल, असं एवढंच असतं. चांगला प्रयोगशाळा तंत्रज्ञ तयार व्हायला लागणारी वीस वर्षं कोणाच्याच कारकिर्दीत बसत नाहीत.

या शर्यतीतली सगळ्यात गाजलेली चाल चिलेची. कोर्फो या तिथल्या सरकारी विकाससंस्थेने 2010 मध्ये 'स्टार्ट-अप चिले' सुरू केलं. जगातल्या कुठल्याही संस्थापकाने यावं, 40,000 डॉलर घ्यावेत, बदल्यात कंपनीचा एकही शेअर देऊ नये. अट एवढीच की चिलेत येऊन सहा महिने काम करायचं. सोबत वर्षभराचा व्हिसा. हिशोब असा होता की तांब्यावर जगणाऱ्या देशात जोखीम घेणारी माणसं थोडी आहेत, ती बाहेरून आणू, त्यांच्या संगतीने आपली मुलं शिकतील. म्हणून आलेल्यांना गुण कमवावे लागत: विद्यापीठात व्याख्यान दिलं, इतके गुण, स्थानिक उद्योजकाला सल्ला दिला, तितके गुण.

बिघडलं ते दोन ठिकाणी. सुरुवातीच्या तुकड्यांना पैसे परतफेडीने मिळत. आधी खिशातून खर्च करा, पावत्या जोडा, मंजुरीची वाट बघा. ज्याच्या खिशात काहीच नाही त्याच्यासाठी काढलेल्या योजनेत पहिली पायरीच खिशाची. दुसरं म्हणजे मुदत संपल्यावर बहुतेक परदेशी संस्थापकांनी सामान बांधलं. यात कृतघ्नपणा नव्हता. 40,000 डॉलरनंतर कंपनीला पाच-दहा लाख डॉलर लागतात, ते घालणारा गुंतवणूकदार राजधानी सांतियागोत नव्हता, आणि मोठं गिऱ्हाईकही नव्हतं.

तरीही कार्यक्रम फसला असं म्हणणं घाईचं ठरेल. त्यावर पुढे जो बारकाईने अभ्यास झाला त्याचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. नुसते पैसे आणि बसायला टेबल मिळालेल्या कंपन्यांत मोजता येईल असा फरक दिसला नाही. ज्यांना त्याच्या जोडीला शिकवणी मिळाली, ठरल्या दिवशी कोणापुढे तरी कामाचा हिशोब द्यावा लागला, त्यांची प्रगती स्पष्टपणे उजवी होती. कंटाळवाणा भाग कामाचा निघाला. आणि नक्कल करणाऱ्या देशांनी उचललं काय? पैसे आणि टेबल.

परतफेडीचा रोग आपल्याकडेही आहेच. गोव्याच्या धोरणातल्या बऱ्याचशा सवलती, जागेचं भाडं असो की नोकरांचा पगार, खर्च झाल्यावर मागायच्या आहेत. भाडेकरार, पावत्या, बँकेचा उतारा, सनदी लेखापालाचा दाखला अशी फाइल बांधायची. आता साधं गणित करू. बँकेत 8 लाख आहेत आणि महिन्याचा खर्च 2 लाख आहे, म्हणजे कंपनीचं आयुष्य चार महिने. परतफेड नवव्या महिन्यात आली तर ती घ्यायला कंपनी उरलेली नसते. सवलत पोचते ती ज्याला तिच्यावाचून चाललं असतं त्याच्याकडे. सरकारचीही बाजू आहे. आगाऊ दिलेल्या पैशावर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की सही करणारा अधिकारी अडकतो. मधला रस्ता केंद्राच्या 2021 च्या सीड फंड योजनेने काढला. 945 कोटींचा तो निधी इन्क्युबेटरांमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रांमार्फत, वाटायचा आणि एका कंपनीला 20 लाखांपर्यंतचं अनुदान टप्प्याटप्प्याने द्यायचं: नमुना तयार झाला की एक हप्ता, चाचणी झाली की पुढचा. यात सगळा भार इन्क्युबेटरच्या दर्जावर येतो. गोव्यातल्या फातोर्डा किंवा वेर्ण्याच्या अभियांत्रिकी आवारातल्यासारखी, ज्यांच्या दारात यंत्रशाळा आहे अशी इन्क्युबेटर केंद्रं असतील तिथे हे जमतं. वातानुकूलित खोली आणि कॉफी मशीन एवढंच असेल तिथे हप्त्याचा टप्पा तपासणार कोण?

झटपट नोंदणीबद्दलही लिहायला हवं, कारण सगळ्या देशांच्या जाहिरातीत ती पहिली असते. रवांडाने 'सहा तासांत कंपनी' ही आपली ओळखच केली. भारतातही कागदावर काम सोपं झालं आहे. स्पाइस प्लस हा एकच अर्ज भरला की कंपनीचं नाव, नोंदणी, पॅन, टॅन, भविष्य निर्वाह निधी, बँक खातं सगळं त्यातच मागता येतं. 15 लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला अर्जाची फीही नाही, मुद्रांक शुल्क वेगळं. मग गोव्यातली कंपनी अडते कुठे? पत्त्यावर.

नोंदणीकृत कार्यालयासाठी मालकाचं ना-हरकत पत्र लागतं आणि दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीजबिल किंवा तत्सम बिल. आता म्हापसा, फोंडा, मडगाव कुठलंही जुनं घर घ्या. वीजबिल आजोबांच्या नावावर, आजोबा कधीच वारलेले. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यात नावं पाच-सात. त्यातला एक काका लिस्बनला, एक आत्या लंडनजवळ, एका चुलत भावाशी बोलणं बंद. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोचा मालमत्तेत निम्मा-निम्मा वाटा, वारसांचे हिस्से ठरलेले, आणि इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा, दावा निकाली निघेपर्यंत घर सगळ्यांचं. अशा घराच्या माडीवर दोन मुलं संगणक लावून बसली असतील तर ना-हरकत पत्रावर सही कोणाची घ्यायची? अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. मग मुलं काय करतात, तर पणजीतल्या एखाद्या को-वर्किंगमध्ये महिन्याच्या भाड्याने नुसता पत्ता घेतात, किंवा सरळ पुण्याच्या मित्राच्या पत्त्यावर कंपनी काढतात. दुसरा मार्ग घेतला की कंपनी कागदोपत्री महाराष्ट्राची झाली, गोव्याच्या सवलती गेल्या. हा फरक कुठल्याही क्रमवारीत दिसत नाही.

क्रमवारीचं सांगायचं तर, 'व्यवसाय सुलभता' मोजणारा जागतिक बँकेचा अहवाल 2021 मध्ये कायमचा बंद झाला, कारण 2018 आणि 2020 च्या आकडेवारीत ढवळाढवळ झाल्याचं उघडकीला आलं. त्या यादीत वर चढण्यासाठी कित्येक देशांनी कायदे बदलले होते. मोजमाप गेलं, मोजमापासाठी केलेल्या सुधारणा राहिल्या. काही चांगल्याही होत्या.

केनियाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, कारण एकाच देशात दोन्ही नमुने आहेत. नैरोबीपासून साठेक किलोमीटरवर 5,000 एकरांत कोन्झा नावाचं तंत्रनगर उभारायचं ठरलं, जानेवारी 2013 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते कोनशिला बसली. रस्ते, पाणी, वीज यांतच वर्षांमागून वर्षं गेली. त्याआधीच, 2010 मध्ये, नैरोबी शहरात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आयहब सुरू झालं होतं. चांगलं इंटरनेट, लांब टेबलं, आणि आजूबाजूला तेच काम करणारी माणसं. केनियाचं नाव झालं ते या मजल्यामुळे, आणि त्याहीपेक्षा एम-पेसामुळे.

2007 मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीने सुरू केलेली ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय मुळात सूक्ष्मकर्जाचे हप्ते फेडायला म्हणून आखली होती. चाचणीत लोकांनी ती भलत्याच कामाला वापरली: शहरातला मुलगा गावी आईला पैसे धाडू लागला. कंपनीने योजना बदलली. मध्यवर्ती बँकेने नवा कायदा होईपर्यंत थांबा असं न म्हणता आक्षेप नसल्याचं पत्र दिलं आणि लक्ष ठेवून राहिली. एकदा पैसे फोनवरून फिरायला लागल्यावर त्यावर सौरदिवे हप्त्याने विकणारे, शेतीविमा विकणारे, कर्ज देणारे असे किती तरी धंदे उभे राहिले. भारतात 2016 च्या यूपीआयने हेच केलं. रस्ता रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने बांधला गेला, गाड्या इतरांनी चालवल्या. तंत्रनगर आणि पैशाचा रस्ता, दोन्हींवर सरकारची सही लागते, पण पहिल्याला जमीन लागते आणि दुसऱ्याला हिंमत.

नायजेरिया हा उलटा धडा. तिथली पेस्टॅक ही ऑनलाइन पैसे स्वीकारायची सोय देणारी 2015 ची कंपनी अमेरिकेच्या स्ट्राइपने 2020 मध्ये 20 कोटी डॉलरहून जास्त किमतीला घेतल्याच्या बातम्या आल्या तेव्हा सगळ्या आफ्रिकेत आनंद झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत लागोस राज्याने शहराच्या मोठ्या भागात मोटारसायकल टॅक्सीवर बंदी घातली. ज्या कंपन्यांनी परदेशी भांडवल उभारून हजारो दुचाकी रस्त्यावर आणल्या होत्या त्यांचा प्रवासी धंदा एका आदेशाने संपला. 2023 च्या जूनमध्ये नायरा या तिथल्या चलनाचा दर मोकळा सोडला आणि तो कोसळला. मिळकत नायरात, सर्व्हरचं भाडं डॉलरमध्ये, अशा कंपनीचा खर्च एका रात्रीत वाढला. ट्युनिशियाने 2018 च्या स्टार्टअप कायद्यात नेमकं हे हेरलं होतं. त्यांनी मान्यताप्राप्त कंपन्यांना परकीय चलनाचं खातं उघडू दिलं, आणि नोकरदाराला कंपनी काढण्यासाठी वर्षभर रजा घेऊन परत कामावर येण्याचा हक्क दिला. हे दुसरं कलम गोव्यासारख्या, सरकारी नोकरीवर जीव टाकणाऱ्या समाजात कोणी करून बघायला हवं.

या शर्यतीत एक गोष्ट उघडपणे बोलली जात नाही. जिंकलेली कंपनी बऱ्याचदा त्या देशाची उरतच नाही. लागोस-नैरोबीतल्या कितीतरी कंपन्यांची मूळ कंपनी अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये असते, आपल्याकडच्यांची सिंगापुरात. गुंतवणूकदाराला तिथले कायदे ओळखीचे वाटतात, शेअर विकताना कटकट कमी. फ्लिपकार्टची मूळ कंपनी सिंगापुरात होती. फोनपेने 2022 मध्ये सिंगापूरहून भारतात बस्तान हलवलं तेव्हा गुंतवणूकदारांना सुमारे 8,000 कोटी रुपये कर भरावा लागला. परतीचं तिकीट एवढं महाग असेल तर सगळेच परतणार नाहीत. भारताने स्वतःही लोकांना बाहेर ढकललंच होतं. 2012 पासूनचा एंजल टॅक्स, म्हणजे कंपनीने शेअर 'वाजवी किमती'पेक्षा महाग विकले तर वरची रक्कम उत्पन्न धरायची, हा 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. बारा वर्षं करअधिकारी आणि संस्थापक वाजवी किमतीवरून भांडत होते.

आता वेर्ण्याकडे येऊ. गोव्याच्या स्टार्टअपचं चित्र काढायला सांगितलं तर लोक समुद्रकिनारा, माड आणि मांडीवर लॅपटॉप काढतील. पण एक अब्ज डॉलरच्या वर मूल्यांकन गेलेली गोव्यातली कंपनी त्या चित्रात बसत नाही. मोलबायो डायग्नोस्टिक्स वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतली आहे आणि क्षयरोगाची तपासणी करते. 2022 मध्ये सिंगापूरच्या तेमासेकने तिच्यात पैसे घातले तेव्हा ती 'युनिकॉर्न' झाली. वयाने ती स्टार्टअप म्हणण्याजोगी राहिलीच नव्हती, कारण तिची सुरुवात 2000 च्या सुमाराची, आणि तिच्या मागे 1988 पासून गोव्यात निदानाची रसायनं बनवणारा ट्यूलिप समूह. ट्यूलिप पुढे 2017 मध्ये पर्किनएल्मरने घेतला.

तिची ट्रूनॅट चाचणी जवळून बघण्यासारखी आहे. रुग्णाच्या थुंकीचा नमुना द्रव घालून पातळ करतात आणि एका कार्ट्रिजमध्ये ओततात. पेटीएवढं यंत्र साधारण वीस मिनिटांत त्यातला डीएनए वेगळा करतं. त्याचे फक्त 6 मायक्रोलिटर, थेंबाचाही छोटा अंश, गोठवून सुकवलेल्या रसायनात मिसळून हातात मावणाऱ्या चिपवर सोडतात. दुसरं यंत्र पाऊणएक तासात निकाल देतं. दोन्ही बॅटरीवर चालतात. याच कामाच्या परदेशी यंत्राला अखंड वीज आणि थंड खोली लागते, म्हणून ते जिल्हा रुग्णालयाच्या पुढे सहसा जात नाही. हे प्राथमिक आरोग्य केंद्रात चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली आणि त्याच वर्षी ते कोविडच्या तपासणीलाही लागलं.

हे वेर्ण्यातच का झालं, याचं उत्तर धोरणात सापडत नाही, शेजारपाजारी सापडतं. सिप्ला, सनोफी, ल्युपिन यांचे कारखाने तिथेच. म्हणजे निर्जंतुक खोली म्हणजे काय, बॅच फेकून कधी द्यायची, तपासनीस आला की कुठली नोंदवही आधी मागतो, हे अंगवळणी पडलेली माणसं फोंडा-मडगावहून रोज बसने येणारी. चिपमागचं संशोधन बंगळुरूच्या प्रयोगशाळेत झालं, उत्पादन इथे. आणि गिऱ्हाईक? राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम. ते गिऱ्हाईक मिळवायला वर्षानुवर्षं तुलनात्मक चाचण्या द्याव्या लागल्या. किनाऱ्यावरचा लॅपटॉप एवढा काळ थांबत नाही. थांबला तरी नोव्हेंबर उजाडला की घरमालक त्याला बाहेर काढतो, कारण अकरा महिन्यांच्या करारापेक्षा सीझनमधले पाच महिने त्याला जास्त देतात.

बंगळुरूचीही गोष्ट हीच आहे: 1909 ची विज्ञान संस्था, 1940 चं हिंदुस्तान एअरक्राफ्ट, 1954 चं भारत इलेक्ट्रॉनिक्स, मग 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, आणि त्यानंतर ज्याला आपण स्टार्टअप म्हणतो ते. नक्कल करणारे शेवटचं पान आधी वाचतात.

जमिनीचा विषय गोव्यात टाळता येत नाही. 2007 च्या अखेरीला लोकांच्या रेट्यापुढे सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रं रद्द केली, जमीन परत घ्यायला पुढे व्याजासह पैसे मोजावे लागले. दोनापावलाचं आयटी हॅबिटॅट, म्हणजे आयटी कंपन्यांसाठी आखलेली वसाहत, असंच अडलं. आयआयटीने 2016 पासून फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात बस्तान मांडलं; कायमच्या जागेसाठी निवडलेल्या गुळेलीत आंदोलन झालं आणि 2021 च्या जानेवारीत ती जागा सोडावी लागली. बाहेरचे लोक याला सुशेगादपणा, म्हणजे गोवेकरांचा निवांतपणा, म्हणतात, ते मला पटत नाही. लाखो चौरस मीटर म्हटलं की ग्रामसभेला आधी बंगले दिसतात, आणि आजवरचा अनुभव बघता तो संशय अनाठायी नाही. मात्र नैरोबीला एक मजला पुरला होता. पणजीतल्या पाटोवरच्या एखाद्या इमारतीतले दोन मजले, अखंड वीज, आणि वेर्ण्यातल्या एखाद्या चाचणी प्रयोगशाळेत शुल्क भरून यंत्र वापरायची मुभा, एवढ्याला कोणाचीही ग्रामसभा लागत नाही.

आणि एक खरेदीचा आदेश. रवांडाने 2016 मध्ये मुहांगाहून ड्रोनने रक्त पोचवायला सुरुवात केली, ती कंपनी अमेरिकन होती, पण पहिलं गिऱ्हाईक रवांडाचं सरकारच होतं. आपल्याकडे सरकारी निविदांत स्टार्टअपला अनुभव, उलाढाल आणि अनामत रकमेतून सूट देता येते. अडतं ते पैशावर. लघुउद्योगाला 45 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, असा कायदा 2006 पासून आहे. तक्रारीची सोयही आहे. पण एकुलत्या एका गिऱ्हाइकावर तक्रार कोण करणार? पुढचं बिल त्याच टेबलावरून जायचं असतं.

म्हणून जाता जाता बंद पडणाऱ्यांसाठी थोडं, कारण बहुतेक बंदच पडतात आणि त्यांना हे कोणी आधी सांगत नाही. कंपनी झोपली तरी वार्षिक हिशोब आणि वार्षिक विवरण हे दोन अर्ज भरावेच लागतात. उशिराला प्रत्येक अर्जामागे दिवसाला 100 रुपये, कमाल मर्यादा नाही. दोन्हींचे वर्षाचे झाले 73,000. कंपनी रजिस्टरमधून काढायचा एसटीके-2 हा अर्ज 10,000 रुपयांचा, पण राहिलेली विवरणं भरल्याशिवाय तो चालत नाही. 2023 पासून हे काम मानेसरच्या एका केंद्राकडे गेलं आहे आणि पूर्वीपेक्षा लवकर होतं. अर्जासोबत तीस दिवसांपेक्षा जुना नसलेला जमाखर्च, संचालकांचं हमीपत्र आणि बँक खातं बंद केल्याचा पुरावा लागतो. खातं आधी बंद करायचं असल्यामुळे अर्जाची फी आणि लेखापालाचे पैसे त्याआधीच काढून ठेवावेत. विसरलात तर ते संचालकांच्या घरून येतात.